उभयान्वयी अव्ययांची शिकवणी

म्हातारपणी नवी भाषा शिकू नये असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले आमच्या पाहण्यात नाही. तथापि ती शिकावी असेही कोठे सांगितलेले नाही. त्यामुळे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी केनवडसारख्या खेड्यात बसून आम्ही फ्रेंच भाषेचे व्याकरण हाती घेतले, तेव्हा मंडळींस हसावे की काळजी करावी हे कळेना. आमच्या सौभाग्यवतीने प्रथम काळजी केली व मागाहून हसून घेतले. धाकट्या बंधूंनी ‘‘आता कोठे पॅरिसला नोकरी धरावयाची आहे काय?’’ असा प्रश्न केला. मातोश्रींनी मात्र काहीच विचारले नाही. त्यांस कारण ठाऊक होते, आणि ते कारण त्यांस मुळीच आवडलेले नव्हते.

केनवड हे वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातले गाव. काळी जमीन, सोयाबीन, तूर, हरभरा, आणि पावसाची वाट पाहणारी माणसे, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल. येथे आमच्या तीन भावांचे एकत्र कुटुंब नांदते. आम्ही थोरले, मराठीचे शिक्षक म्हणून तीस वर्षे घालवून आता निवृत्त झालो आहो. मधल्या बंधूंचा मुलगा इंजिनिअर. विमानविद्येचा पुढील अभ्यास करण्याकरिता तो फ्रान्समधील तुलूज शहरी गेला. ते शहर विमानांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, एवढे आम्हांस ठाऊक होते. तेथे मुलीही असतात, ही गोष्ट आम्ही विचारात घेतली नव्हती. गतवर्षी चैत्रात त्याने फोन करून कळविले की, तेथील नगरभवनात त्याने एका फ्रेंच मुलीशी कायदेशीर विवाह केला आहे.

त्या दिवशी घरात चूल पेटली, पण कोणी जेवले नाही. मधले बंधू अंगणात फेऱ्या घालीत राहिले. मातोश्री, वय वर्षे ८८, देवघरात जाऊन बसल्या. आणि आम्ही, ज्यांनी जन्मभर वर्गात समतेवर निबंध लिहून घेतले त्या आम्ही, पुतण्यास फोनवर जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. ‘‘ती मंडळी आपल्या घरी न येतील तर बरे’’ हे त्यांतले सौम्य वाक्य. वाचकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

राग किती दिवस टिकतो? जेथे लहानपणी खांद्यावर घेऊन पोळा दाखविलेला असतो, तेथे फार दिवस टिकत नाही. ज्येष्ठ संपता संपता सूनबाईचा आवाज आम्ही प्रथम ऐकला. तिने फोनवर ‘‘नमस्कार काका’’ एवढेच दोन शब्द म्हटले. परंतु ते इतके घोकून, इतके जपून म्हटले होते की आमच्यातील शिक्षक तत्काळ विरघळला. दुसऱ्याची भाषा शिकण्याचे पहिले पाऊल तिने टाकले होते. दुसरे पाऊल कोणी टाकावयाचे हा प्रश्न होता. मार्गशीर्षात मुलाने व सुनेने केनवडास यावे, घरच्या रीतीने विवाहविधी व्हावा, असे ठरले. सूनबाईस वडील नाहीत. आई एकटी आहे. त्या विहीणबाईंस निमंत्रणाचे पत्र कुटुंबातील वडीलधाऱ्याने लिहावे हे ओघानेच आले. वडीलधारे आम्हीच.

पुतण्या म्हणाला, ‘‘काका, तुम्ही मराठीत लिहा, मोबाईलमधले यंत्र एका क्षणात भाषांतर करील.’’ ही सूचना आम्हांस रुचली नाही. विहिणीस पहिले पत्र यंत्राकडून पाठवावयाचे, म्हणजे आहेर परस्पर दुकानदाराकडून पोहोचविण्यासारखे झाले. पुतण्याची धाकटी बहीण पुण्यास महाविद्यालयात फ्रेंच शिकलेली. ती तेव्हा सुटीवर घरी आलेली होती. तिला आम्ही गुरू केले व आषाढी एकादशीस शिकवणी सुरू झाली.

गावातील एका स्नेह्यांनी मराठी जिभेस ही भाषा वळणार नाही असे भाकीत केले. त्यांस आम्ही सांगितले की, मॉरिशस बेटात पिढ्यान् पिढ्या वसलेल्या मराठी घरांतील मुले शाळेत फ्रेंच शिकतातच. शिवाय या दोन भाषांची ओळख काही आजची नव्हे. ज्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने मराठी भाषेच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. तो १९२० साली प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचे ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने केलेले भाषांतर १९४१ साली निघाले. ते भाषांतर आमच्या वडिलांच्या संग्रही होते. आमचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील सर्वसेन राजाने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ काव्य रचले. त्या प्राकृतापासून आमच्या बोलीपर्यंतचा मार्ग एका फ्रेंच माणसाने परिश्रमाने शोधावा, आणि आम्ही त्याच्या भाषेतील चार वाक्ये लिहिण्यास कचरावे, हे काही बरे दिसेना.

नामे व क्रियापदे यांच्या ओळखीत श्रावण गेला. त्यांविषयी लिहून वाचकांस शिणवीत नाही. आम्ही खरे रमलो ते भाद्रपदात, उभयान्वयी अव्ययांपाशी. फ्रेंच भाषेत एका शब्दाची उभयान्वयी अव्यये थोडी. दोन, तीन, चार शब्द मिळून झालेले जोड-पदसमूह फार. आणि त्या बहुतेकांच्या शेवटी एकच लहानसा शब्द येतो, तो म्हणजे ‘क’. आपल्या ‘की’ चा हा भाऊच म्हणावा. ‘आव्हाँ’ म्हणजे पूर्वी. त्यास ‘क’ जोडला की ‘आव्हाँ क’, म्हणजे अमुक होण्यापूर्वी. ‘आप्रे’ म्हणजे नंतर. ‘आप्रे क’ म्हणजे अमुक झाल्यावर. ‘दप्वी’ म्हणजे पासून. ‘दप्वी क’ म्हणजे झाल्यापासून. ‘पाँदाँ क’ म्हणजे होत असताना, ‘दे क’ म्हणजे होताच, ‘साँ क’ म्हणजे न होता. आम्ही मराठीत जे काम धातुसाधिताकडून व शब्दयोगी अव्ययाकडून करून घेतो, म्हणजे ‘आल्यावर’, ‘आल्यापासून’, ‘येताच’, ‘येण्यापूर्वी’, ते फ्रेंच लोक एका ‘क’ च्या गाठीने करतात. मराठी माणूस क्रियापद वितळवून वाक्यात ओततो. फ्रेंच माणूस दोन अखंड वाक्ये शेजारी ठेवून त्यांस खिळा मारतो.

पुतणीने एक नियम सांगितला तो आम्हांस विशेष आवडला. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर ‘क’ लागत नाही. ‘मी जेवण्यासाठी घरी आलो’ येथे येणारा मीच व जेवणाराही मीच. म्हणून नुसते ‘पूर’ व त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप, एवढ्याने भागते. परंतु ‘मुलाने जेवावे म्हणून आई जागी राहिली’ येथे जागणारी एक व जेवणारा दुसरा. येथे ‘पूर क’ पाहिजेच. आम्ही पुतणीस म्हटले, ‘‘म्हणजे माणूस एकटा असतो तोवर त्यास ‘क’ ची गरज नाही. दुसरा आला की गाठ आली.’’ ती म्हणाली, ‘‘काका, तुम्ही व्याकरणात कुटुंब शोधता.’’ आम्ही म्हटले, ‘‘एकत्र कुटुंबात राहणाऱ्यास दुसरे काय दिसणार?’’

यापुढील भाग कठीण म्हणतात, पण मराठी माणसास तो अर्धा आयताच येतो. काही पदसमूहांपुढे क्रियापद साध्या रूपात येते. काहींपुढे ते निराळे रूप धारण करते, त्यास ‘स्युब्झोंक्तीफ’ असे नाव आहे. इंग्रजीवाटे फ्रेंच शिकणारा येथे अडखळतो. आम्हांस मात्र आमच्या ‘म्हणून’ ने हात दिला. ‘पाऊस पडला म्हणून आम्ही थांबलो’ आणि ‘पाऊस पडावा म्हणून आम्ही अभिषेक केला’ या दोन वाक्यांत ‘म्हणून’ एकच. पण पहिल्यात पाऊस पडून गेला आहे, दुसऱ्यात तो केवळ मनात आहे. हा भेद आपण ‘पडला’ व ‘पडावा’ यांनी दाखवितो. एकास परिणामबोधक व दुसऱ्यास उद्देशबोधक म्हणावे, असे आम्ही जन्मभर मुलांस शिकविले. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी आपले व्याकरण छापिले आणि १९११ साली मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध केले. त्या परंपरेत वाढलेल्यास ‘पडावा’ हा विध्यर्थ ओळखण्यास कष्ट पडत नाहीत. फ्रेंचमध्येही ‘द सोर्त क’ हा पदसमूह साध्या रूपाबरोबर आला तर परिणाम दाखवितो, व स्युब्झोंक्तीफबरोबर आला तर उद्देश दाखवितो. हे ऐकून आम्हांस इतका आनंद झाला की, त्या रात्री सौभाग्यवतीस उठवून आम्ही तो सांगितला. त्यांचा अभिप्राय येथे देत नाही.

या दोन रूपांमागील तत्त्वही सरळ आहे. घडून गेले ते निश्चित. घडावयाचे ते मनातले. म्हणून ‘आप्रे क’ म्हणजे ‘झाल्यावर’ यापुढे साधे रूप, आणि ‘आव्हाँ क’ म्हणजे ‘होण्यापूर्वी’ यापुढे स्युब्झोंक्तीफ. फ्रान्समधील पुष्कळ लोकच ‘आप्रे क’ पुढे चुकीने स्युब्झोंक्तीफ वापरतात व तेथील भाषासंस्था, फ्रेंच अकादमी, त्यांस दोष देते, असे पुतणीने सांगितले, तेव्हा आमचे बरेच समाधान झाले. चुका करणारे सर्वत्र आहेत. ‘पूर क’ (व्हावे म्हणून), ‘ज्युस्का स क’ (होईपर्यंत), ‘द पर क’ (न जाणो होईल या भीतीने), ‘पूर्व्यू क’ (एवढे मात्र व्हावे), ही सर्व स्युब्झोंक्तीफ मागतात. ‘ब्यँ क’, म्हणजे आपले ‘जरी-तरी’, हेही तेच रूप मागते. येथे मराठीची साथ सुटते. कारण आपण ‘जरी पाऊस पडला तरी’ असे सरळ साध्या रूपात म्हणतो. या स्थळी आम्ही पहिल्या आठवड्यात अकरा वेळा चुकलो.

कारणाचेही दोन प्रकार आढळले. ‘पार्स क’ म्हणजे ‘कारण’. ऐकणाऱ्यास ठाऊक नसलेले कारण सांगावयाचे तर हे. ‘प्वीस्क’ म्हणजे ‘ज्याअर्थी’. दोघांसही ठाऊक असलेली गोष्ट पुढे करून तिच्यावरून निष्कर्ष काढावयाचा तर ते. आमच्या ओसरीवर त्या दिवसांत दोहोंची उदाहरणे रोज मिळत. मधले बंधू ‘पार्स क’ ने बोलत: मुलाने असे केले, कारण परदेशी एकटेपण फार असते. मातोश्री ‘प्वीस्क’ ने बोलत: ज्याअर्थी त्याने विचारले नाही, त्याअर्थी आता मला विचारण्याचे कारण नाही. पहिल्यास उत्तर देता येते. दुसऱ्यास देता येत नाही, कारण त्यात ठाऊक नाही असे काहीच उरलेले नसते.

आणखी एक गंमत. ‘आव्हाँ क’, ‘द पर क’ व ‘आ म्वँ क’ यांच्यापुढे फ्रेंच लेखक क्रियापदापूर्वी एक ‘न’ घालतात; परंतु त्या ‘न’ चा अर्थ नकार नसतो. तो शोभेचा असतो. घातला नाही तरी चालते, घातला तर भाषा भारदस्त दिसते. आपणही ‘जोपर्यंत पाऊस येत नाही तोपर्यंत पेरणी थांबवा’ म्हणतो, आणि मनात मात्र पाऊस येण्याचाच विचार असतो. तसेच काहीसे हे आहे. हा शोभेचा ‘न’ आमच्या फार मनात भरला. म्हाताऱ्या शिक्षकास भारदस्तपणाचा मोह आवरत नाही.

गणपती उठल्यावर पुतणी पुण्यास परत गेली. जाताना तिने बजावले, ‘‘काका, पत्र टाकण्यापूर्वी मला दाखवा.’’ आम्ही मान डोलावली. आठ दिवस खपून पत्र तयार केले. सुवाच्य अक्षरात, निळ्या शाईने, एक पानभर. आणि पुतणीस न दाखविता टपालात टाकले. का, असे विचाराल तर उत्तर लाजिरवाणे आहे. ज्याने तीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्यास आपली वही तपासावयास देणे जड गेले.

आश्विन गेला. दिवाळी आली. विहीणबाईंचे उत्तर नाही. भाऊबिजेच्या दिवशी पुतण्याचा फोन आला. त्याचा आवाज थंड होता. ‘‘काका, तुम्ही आईंना असे का लिहिले? तुमच्या मनात नव्हते, तर पत्र लिहावयाचेच नव्हते.’’ आम्ही म्हटले, ‘‘काय लिहिले? समारंभास निदान आपण तरी यावे, अशी आम्हां सर्वांची इच्छा आहे, असे लिहिले.’’ पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, ‘‘तसे लिहिलेले नाही.’’

पुतणी दिवाळीस घरी आलीच होती. आमच्यापाशी पत्राचा कच्चा मसुदा होता. तो तिने वाचला व खाली ठेवला. आमच्याकडे न पाहता ती म्हणाली, ‘‘काका, येथे ‘ओ म्वँ’ पाहिजे होते.’’

वाचकांस उलगडा करून सांगतो. ‘म्वँ’ म्हणजे कमी. ‘ओ म्वँ’ म्हणजे कमीत कमी, निदान. परंतु ‘आ म्वँ क’ म्हणजे ‘अमुक झाले तर मात्र नाही’. एका अक्षराचा फेर व शेवटी एक ‘क’. आम्हांस लिहावयाचे होते: मार्गशीर्षात आम्ही येथे समारंभ करणार आहोत, निदान आपण यावे, ही आम्हां सर्वांची मनापासूनची इच्छा आहे. आम्ही लिहिले होते: मार्गशीर्षात आम्ही येथे समारंभ करणार आहोत, आपण येणार असाल तर मात्र नाही, ही आम्हां सर्वांची मनापासूनची इच्छा आहे.

आणि यातील खरे दुर्दैव असे की, वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. ‘आ म्वँ क’ स्युब्झोंक्तीफ मागते. आम्ही स्युब्झोंक्तीफ घातला होता. ते शोभेचा ‘न’ पसंत करते. आम्ही तोही घातला होता. पत्र मोडकेतोडके असते, तर विहीणबाईंनी परक्या माणसाची चूक म्हणून हसून सोडून दिले असते. जो मनुष्य शोभेचा ‘न’ बिनचूक लिहितो, त्याने ‘येऊ नका’ असे चुकून लिहिले, यावर कोण विश्वास ठेवील? आमच्या पांडित्यानेच आमचा घात केला.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. चूक झाली याचे दुःख होतेच. पण दुसरी एक गोष्ट अधिक बोचत होती. पुतण्याने क्षणभरही ‘काकांची चूक झाली असेल’ असे मानले नाही. त्याला ते वाक्य खरे वाटले. का वाटणार नाही? ‘ती मंडळी आपल्या घरी न येतील तर बरे’ हे आमचे चैत्रातील शब्द त्याने ऐकले होते. आम्ही ते विसरलो होतो, त्याने जपून ठेवले होते. आश्विनात चुकून लिहिले ते चैत्रात समजून-उमजून बोललो होतो. पुतणीसमोर आम्ही ‘शब्दाची चूक’ म्हणून मोकळे झालो असतो, पण स्वतःपुढे मोकळे होता येईना.

सकाळी पुतण्यास फोन केला. व्याकरणाचा खुलासा मागाहून केला. आधी चैत्रातल्या शब्दांची क्षमा मागितली. घरातल्या वडील माणसाने लहानाची क्षमा मागण्याची आमच्याकडे वहिवाट नाही. आमच्या वडिलांनी आम्हांपाशी ती कधी मागितली नाही. पुतण्या प्रथम गोंधळला, मग त्याचा गळा भरून आला, मग तो ‘‘असू द्या काका’’ म्हणाला. ‘असू द्या’ हे फ्रेंचमध्ये कसे म्हणावे ते आम्हांस अद्याप समजलेले नाही.

विहीणबाईंस दुसरे पत्र लिहिले. या वेळी पाचच वाक्ये. पहिल्यात चूक कबूल केली. दुसऱ्यात ती कशी झाली ते सांगितले. तिसरे ‘ब्यँ क’ ने आरंभिले: आम्ही जरी वृद्ध असलो तरी अद्याप विद्यार्थी आहो. चौथ्यात ‘पूर क’ होते: घर पूर्ण व्हावे म्हणून आम्ही आपली वाट पाहतो. पाचवे साधे होते: आपण यावे. त्यात ‘न’ नव्हता व कोणतेही अव्यय नव्हते. पत्र पुतणीने तीन वेळा तपासले. आम्ही मुकाट्याने समोर बसून होतो. टपालाचा विलंब नको म्हणून तिने त्याचे छायाचित्र घेऊन मोबाईलवरून पाठविले.

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास त्याच मार्गाने उत्तर आले. उघडून पाहतो तो आत आमचेच पहिले पत्र! ‘आ म्वँ क’ भोवती लाल शाईचे वर्तुळ, समासात स्वच्छ अक्षरात ‘ओ म्वँ, व्हने!’, म्हणजे ‘निदान या तरी!’, आणि तळाशी गुण. तेथे शाळेत गुण वीसांपैकी देतात. व्याकरणास वीसांपैकी वीस, शब्दयोजनेस शून्य. विहीणबाई प्राथमिक शाळेच्या निवृत्त शिक्षिका आहेत, हे तोवर कोणी आम्हांस सांगितले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. खाली एकच ओळ होती. ‘मी येईन, मात्र आपण मला मराठी शिकवाल तर.’ त्या ‘मात्र’ च्या जागी ‘पूर्व्यू क’ होते. आम्ही ते पान सौभाग्यवतीस दाखविले. जन्मात प्रथमच आम्हांस कोणी शून्य गुण दिलेले पाहून त्यांस जो आनंद झाला, तो वर्णनातीत होता.

मार्गशीर्षात सर्व मंडळी आली. विधी झाला. त्याचे वर्णन करीत नाही. वाचकांनी असे समारंभ पुष्कळ पाहिले आहेत. विहीणबाई तीन आठवडे राहिल्या व रोज सकाळी तासभर वही घेऊन आमच्यापुढे बसल्या. त्यांनी आम्हांस एका ‘म्हणून’ ने हैराण केले. पाऊस पडला म्हणून. पाऊस पडावा म्हणून. कोणी एक जोशी म्हणून गृहस्थ. आणि ‘हे काय म्हणून विचारतोस?’ एक शब्द इतकी कामे कशी करतो, असे त्या विचारीत. आम्ही म्हटले, एकत्र कुटुंबातील वडील सून करते तशी. हे पुतणीने भाषांतर करून सांगितले, तेव्हा त्यांनी आमच्या सौभाग्यवतीकडे पाहून मान हलविली. त्या दोघींचे सूत त्या क्षणापासून जमले.

मातोश्रींविषयी खोटे लिहीत नाही. त्यांनी सुनेची ओटी भरली, तिच्या डोक्यावर हात ठेवला. परंतु देवघरातील सोवळ्यात तिला घेतले नाही. ‘‘मुलगी गुणाची आहे, तरी...’’ असे म्हणून त्या थांबत. ते ‘तरी’ अद्याप गेलेले नाही; ८८ वर्षांच्या माणसाच्या मनातील उभयान्वयी अव्यय उपटून काढणे कोणासही शक्य नाही. तथापि दुपारी ओसरीवर त्या व विहीणबाई समोरासमोर बसून तुरीच्या शेंगा सोलीत. एकीस फ्रेंच येत नव्हते, दुसरीस मराठी वीस-पंचवीस शब्दच येत होते. दोघीही विधवा, दोघींचेही एकुलते एक सुख दूर देशी किंवा दूरच्या पिढीत. त्यांच्या बोलण्यात नामे होती, हातवारे होते. अव्यय एकही नव्हते. टोपलीभर दाणे होत.

निघण्याच्या दिवशी मोटार दारात उभी होती. विहीणबाई मातोश्रींच्या पाया पडल्या. ही रीत त्या सुनेकडून शिकल्या होत्या. मातोश्री आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘तिला म्हणावं, पुन्हा येत जा. मी आहे तोपर्यंत.’’

पुतणी आत सामान बांधीत होती. भाषांतर आम्हांसच करणे भाग होते. ‘तोपर्यंत’ साठी ‘ज्युस्का स क’ आधी जिभेवर आले. पण त्यापुढे स्युब्झोंक्तीफ येतो, म्हणजे जे अजून घडावयाचे आहे त्याकडे बोट. आईच्या तोंडचे वाक्य तसे नव्हते. मग आठवले ते ‘ताँ क’. जोवर एखादी गोष्ट आहे तोवर, असा त्याचा अर्थ, आणि त्यापुढे क्रियापद साध्या रूपात येते, ज्यास आपले व्याकरणकार स्वार्थ म्हणतात. कारण ‘आहे’ यात संशय धरावयाचा नसतो. आम्ही ‘ताँ क’ म्हटले व ‘आहे’ साध्या रूपात म्हटले. विहीणबाईंनी आम्हांस तपासून घ्यावे तसे पाहिले, काही दुरुस्ती केली नाही, आणि मातोश्रींचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

मोटार मेहकरच्या रस्त्यास लागेपर्यंत मातोश्री उंबऱ्याशी उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी विचारले, ‘‘बरोबर सांगितलंस ना रे तिला?’’

‘‘हो आई,’’ आम्ही म्हटले, ‘‘या खेपेस बरोबर सांगितलं.’’